हॉटेलातील तक्रार आणि दोन्ही बाजूंचा एकच तराजू



वुजू कशाने तुटतो, रोजात इंजेक्शन घेता येते काय, सोन्यावर जकात किती, असे प्रश्न मशिदीत नेहमी विचारले जातात आणि ते विचारलेच पाहिजेत. परंतु आपण मटण बिर्याणी सांगितली असताना वेटरने चिकन बिर्याणी आणून ठेवली, तर अशा वेळी शरीअत आपल्याकडून कोणत्या वर्तनाची अपेक्षा करते, हे सहसा कोणी विचारीत नाही. ही बाब दीनच्या कक्षेबाहेरची आहे, असा आपला समज झालेला असतो. वस्तुतः फिकहच्या ग्रंथांत नमाज, रोजा, जकात आणि हज यांच्या प्रकरणांबरोबरच खरेदी-विक्रीचीही विस्तृत प्रकरणे आहेत. बाजारातील माणूस आणि मशिदीतील माणूस असे दोन वेगळे मुसलमान शरीअतला ठाऊक नाहीत.

पूर्वी घराबाहेरचे जेवण प्रवासापुरते असे. आता लग्नाच्या खरेदीला शहरात गेलो, रुग्णालयात नातलगाला पाहायला गेलो किंवा रविवारी मुलांनी हट्ट धरला, की कुटुंबासह हॉटेलात जाणे होते. मोबाइलवरून घरपोच जेवण मागविणेही नित्याचे झाले आहे. त्याबरोबर पदार्थ चुकणे, उशीर होणे, अन्न थंड किंवा शिळे असणे, वेटरने उद्धटपणे बोलणे, बिलात घोळ होणे हेही आलेच. अशा वेळी आपल्यापैकी काही जण सगळे हॉटेल ऐकेल असा आवाज चढवितात. काही जण तोंडावर काहीच बोलत नाहीत आणि पुढे आठ दिवस नातेवाइकांत त्या हॉटेलची निंदा करीत राहतात. या दोन्ही रीती सोडून तिसरी रीत कोणती, हे या लेखात पाहू. त्यासाठी तीन गोष्टी समजून घ्याव्या लागतील : आपला हक्क काय आहे, तो कसा मागावा आणि त्याच मेजावर दुसऱ्याचा कोणता हक्क आपल्याकडे येतो.

मागणी म्हणजे करार

आपण मेनूकार्ड पाहतो, पदार्थाचे नाव सांगतो, दर मान्य करतो आणि हॉटेलवाला तो पदार्थ देण्याचे स्वीकारतो. हा खरेदी-विक्रीचा करार आहे. सूरह अन्-निसाच्या २९व्या आयतीत अल्लाहने एकमेकांची मालमत्ता अवैध मार्गाने खाण्यास मनाई केली आहे आणि परस्परांच्या संमतीने होणारा व्यापार त्यातून वेगळा ठेवला आहे. या आयतीतील संमती ही गोष्ट ध्यानात ठेवावी. आपली संमती मटणाच्या बिर्याणीला होती, चिकनच्या नव्हे. म्हणून चुकीचा पदार्थ नाकारणे हा आपला वैध हक्क आहे. तो सांगण्यात संकोच करण्याचे कारण नाही आणि त्यात तकव्याला बाधाही येत नाही.

मात्र याच नियमाची दुसरी बाजूही आहे. चुकून आलेला पदार्थ आपण विकत घेतलेलाच नाही, त्यामुळे तो अद्याप हॉटेलवाल्याच्याच मालकीचा आहे. कदाचित तो शेजारच्या मेजावरील गिऱ्हाइकासाठी केलेला असेल. “आला आहे तर खाऊन टाकू, बिलाच्या वेळी पाहू” असे म्हणून तो संपविणे म्हणजे संमतीविना दुसऱ्याचा माल खाणे होय. तो पदार्थ आपल्याला चालत असेल तर तसे आधी सांगावे, दर विचारावा आणि मग खावे. दोन वाक्यांचे हे काम आहे, पण त्याने व्यवहार स्वच्छ होतो.

ऐब कशाला म्हणावे?

माननीय अबू हुरैरा (रजि.) यांच्याकडून बुखारी व मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत असे नोंदले गेले आहे, की प्रेषित मुहम्मद (स.) यांनी कधीही कोणत्याही अन्नाला नावे ठेवली नाहीत. आवडले तर ते खात, नावडले तर सोडून देत. ही हदीस ऐकून काही बांधव विचारतात, की मग शिळे अन्न आले तरी गप्प बसावे काय?

येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. आपल्या जिभेला न रुचणे ही एक गोष्ट आणि मालात दोष असणे ही दुसरी. फुकहांनी दोषाची, म्हणजे ऐबाची, फार उपयुक्त व्याख्या केली आहे. त्या व्यवसायातील जाणत्या लोकांच्या रिवाजानुसार ज्या गोष्टीमुळे वस्तूची किंमत कमी होते, तो ऐब. आंबलेली डाळ, कच्चे राहिलेले मांस, ताटात सापडलेला किडा किंवा केस, सांगितल्यापेक्षा कमी माप हे सर्व ऐब आहेत. कोणताही हॉटेलवाला असा माल पूर्ण दराचा आहे असे म्हणणार नाही. परंतु आपल्या घरच्या कालवणापेक्षा येथील रस्सा अधिक तिखट आहे, अम्मीच्या हातच्या खिमट्याची चव येथे नाही, भात आपल्याला हवा तसा मोकळा नाही, या गोष्टी ऐब नाहीत. त्या रुचीच्या गोष्टी आहेत आणि तेथे प्रेषितांचा (स.) आदर्श हाच, की आवडले तर खावे, नाही तर निंदा न करता सोडावे.

आपली बहुतेक भांडणे या दुसऱ्या प्रकारात मोडतात, हे थोडे आत्मपरीक्षण केले तर कळून येईल.

सांगायचे ते खाण्यापूर्वी

ऐब निघाला तर गिऱ्हाइकाला वस्तू परत करून पैसे घेण्याचा किंवा तीच वस्तू ठरलेल्या दराने ठेवून घेण्याचा अधिकार असतो. याला खियारे-ऐब म्हणतात. कोकणातील आपले पुष्कळ बांधव शाफिई मसलकाचे, तर दख्खनात हनफी मसलक अधिक प्रचलित आहे. या मूळ नियमाबाबत दोन्ही मसलकांत एकवाक्यता आहे. वस्तूही ठेवायची आणि दरही आपणच कमी करून टाकायचा, असा एकतर्फी अधिकार गिऱ्हाइकाला नाही. मालकाने स्वखुशीने काही रक्कम सोडली तर तो त्याचा भलेपणा.

याच प्रकरणातील आणखी एक नियम हॉटेलात पदोपदी लागू पडतो. दोष कळल्यानंतरही माणूस ती वस्तू वापरीत राहिला, तर तो त्या दोषाला राजी झाला असे समजले जाते आणि परत करण्याचा त्याचा अधिकार संपतो. पहिल्या घासालाच भाजी आंबल्याचे कळले, तरी ताट संपेपर्यंत जेवायचे आणि बिल आले की “भाजी आंबलेली होती, पैसे देणार नाही” म्हणायचे, हे शरीअतच्या दृष्टीने बरोबर नाही. दोष दिसताच हात थांबवावा आणि सांगावे. त्यामुळे हॉटेलवाल्यालाही भाजी तपासता येते, आणि त्याच पातेल्यातील भाजी इतरांच्या ताटात जाण्याचे टळते.

सांगण्यापूर्वी क्षणभर आपल्याच बाजूची खातरजमा करावी. सूरह अल-हुजुरातमध्ये आलेल्या बातमीची शहानिशा करण्याची आज्ञा आहे, जेणेकरून अजाणता कोणावर अन्याय होऊन मागाहून पश्चात्ताप करण्याची वेळ येऊ नये. मेजावर सहा माणसे एकाच वेळी बोलत असतात. एकाने ‘हाफ’ म्हटलेले असते, दुसऱ्याने ‘फुल’. मुलाने मध्येच पदार्थ बदललेला असतो. आणलेला पदार्थ आपल्याच मेजावरून कोणी सांगितला होता काय, हे आधी विचारावे. पदार्थ सांगून झाल्यावर वेटरकडून तो एकदा म्हणवून घेतला, तर निम्मे घोटाळे होतच नाहीत.

बोलावे कसे?

येथे प्रेषितांच्या (स.) जीवनातील एक प्रसंग आपल्या सर्वांच्या उपयोगाचा आहे. एका माणसाचा उंट त्यांनी उसना घेतला होता. तो माणूस आपला उंट परत मागायला आला आणि फार कठोर शब्दांत बोलू लागला. ते ऐकून सहाबा (रजि.) त्याच्या अंगावर जाऊ लागले. प्रेषितांनी (स.) त्यांना थांबविले आणि ज्याचा हक्क आहे त्याला बोलण्याचा अधिकार आहे, असे समजाविले. मग त्याच वयाचा उंट शोधायला सांगितले. तसा मिळेना, त्याहून चांगला मिळत होता, तेव्हा तोच देण्याची आज्ञा केली आणि जो उत्तम रीतीने देणे फेडतो तो लोकांत उत्तम, अशी शिकवण दिली.

या प्रसंगातून हक्क मागणाऱ्याचे तोंड बंद करू नये हा धडा मिळतो. आपण मात्र त्यातून आवाज चढविण्याची परवानगी शोधतो. प्रेषितांनी (स.) सहन केले ते देणेकऱ्याच्या जागी उभे राहून. मागणाऱ्याच्या जागी उभे असताना काय करावे, हे दुसऱ्या हदीसमध्ये सांगितले आहे. माननीय जाबिर (रजि.) यांनी कथन केले आहे, की विकताना, विकत घेताना आणि आपला हक्क मागताना जो सौम्य असतो त्या माणसासाठी प्रेषितांनी (स.) अल्लाहच्या दयेची दुआ केली. हक्क मागतानाची सौम्यता येथे स्वतंत्रपणे सांगितली आहे. विकत घेताना सर्वच गोड बोलतात. आपले काही अडकले आहे आणि समोरचा चुकला आहे, अशा वेळी जीभ सौम्य राहणे हे खरे कठीण काम आहे.

अल्लाहने माननीय मूसा (अ.) आणि हारून (अ.) यांना फिरऔनकडे पाठविताना त्याच्याशी मृदू बोलण्याचा आदेश दिला. आपण मूसा (अ.) यांच्यापेक्षा श्रेष्ठ नाही आणि दुपारपासून पायांवर उभा असलेला तो वेटर फिरऔनपेक्षा वाईट नाही. “दादा, आम्ही मटण बिर्याणी सांगितली होती, ही चिकनची दिसते. एकदा पाहता का?” एवढे म्हणणे पुरेसे असते. टाळ्या वाजवून किंवा बोटे वाजवून बोलावणे, ‘ए पोऱ्या’ म्हणणे, त्याच्या गावावरून, भाषेवरून किंवा जातीवरून शेरा मारणे हे मोमिनाला शोभत नाही. दुसऱ्याची टर उडविणे आणि वाईट नावांनी हाक मारणे यांना सूरह अल-हुजुरातने स्पष्टपणे मनाई केली आहे.

राग येणे स्वाभाविक आहे. प्रेषितांनी (स.) कुस्तीत दुसऱ्याला लोळविणाऱ्याला बलवान म्हटले नाही, तर रागाच्या क्षणी स्वतःला आवरणाऱ्याला बलवान म्हटले. उभे असताना राग आला तर खाली बसावे, अशीही शिकवण आहे. भुकेलेली मुले रडत असताना आणि तासभर वाट पाहून चुकीचे ताट आलेले असताना या हदीसची कसोटी लागते. त्या वेळी मुले आपल्या अब्बांकडे पाहत असतात. दुर्बलाशी कसे बोलावे, हा धडा ती मदरशातील पुस्तकापेक्षा त्या मेजावर अधिक पक्का शिकतात.

वेटर आणि त्याची मजुरी

हॉटेलात आपल्यासमोर येतो तो वेटर. पदार्थ रांधतो आचारी, दर ठरवितो मालक, किती माणसे कामावर ठेवायची हेही मालकच ठरवितो. उशीर झाला तो भटारखान्यात, पण बोलणी खातो वेटर. तो उलट बोलू शकत नाही, कारण त्याची रोजी त्यावर आहे. म्हणून आपला राग सर्वांत सहजपणे त्याच्यावर निघतो.

माननीय अनस (रजि.) लहानपणी प्रेषितांच्या (स.) सेवेत आले आणि दहा वर्षे राहिले. त्यांनीच पुढे सांगितले, की या काळात प्रेषित (स.) त्यांना कधी ‘उफ’सुद्धा म्हणाले नाहीत, किंवा एखादी गोष्ट का केली, का केली नाही, असा जाब त्यांनी विचारला नाही. दहा वर्षांत लहान मुलाच्या हातून किती चुका झाल्या असतील, याचा विचार करा आणि मग आपल्या अर्ध्या तासाकडे पाहा.

आणखी एक हदीस येथे लक्षात ठेवण्याजोगी आहे. सेवक अन्न घेऊन आला तर त्याला आपल्याबरोबर बसवावे, तेवढे शक्य नसेल तर निदान एक-दोन घास त्याला द्यावेत, कारण चुलीची धग आणि रांधण्याचे कष्ट त्याने सोसलेले असतात. आज वेटरला मेजावर बसविणे शक्य होत नाही. परंतु त्याच्या कष्टांची जाण ठेवणे, त्याला ‘शुक्रिया’ किंवा ‘धन्यवाद’ म्हणणे, ऐपतीप्रमाणे काही बक्षीस देणे हे त्या शिकवणीचेच आजचे रूप आहे. जो माणसांचे आभार मानीत नाही तो अल्लाहचेही आभार मानीत नाही, अशी प्रेषितांची (स.) शिकवण आहे.

एक गंभीर बाबही सांगितली पाहिजे. काही ठिकाणी परत गेलेल्या ताटाची किंमत वेटरच्या पगारातून कापली जाते. म्हणजे आपण उगाच परत पाठविलेले एक ताट कोणाच्या तरी दिवसभराच्या मजुरीचा मोठा भाग घेऊन जाऊ शकते. म्हणून ऐब असेल तर अवश्य परत करावे, परंतु केवळ मन बदलले किंवा शेजारच्या मेजावरचा पदार्थ अधिक चांगला दिसला म्हणून ‘हे मी सांगितलेच नव्हते’ असे खोटे बोलू नये. तक्रार खरी असेल तर ती गल्ल्यावर बसलेल्या मालकाला सांगावी, आणि चूक वेटरची नसेल तर तेही स्पष्ट सांगावे : “या मुलाचा दोष नाही, त्याने बरोबर लिहून घेतले होते.” या एका वाक्याने कोणाची मजुरी वाचली तर ती आपल्या पदरी सत्कर्म म्हणून जमा होईल, इन्शाअल्लाह.

हलाल-हरामचा प्रश्न

ताटात आलेल्या मांसाबद्दल शंका असेल तर खाऊ नये, शांतपणे विचारावे आणि समाधान झाले नाही तर सोडून द्यावे. हराम किंवा संशयास्पद वस्तू अजाणता खाल्ली गेली, तर घाबरून जाऊ नये. सूरह अल-अहजाबमध्ये अल्लाहने स्पष्ट केले आहे, की चुकून घडलेल्या गोष्टीचा गुन्हा नाही, मनाने हेतुपूर्वक केलेल्या गोष्टीचा आहे. कळताच थांबावे, तौबा करावी आणि पुढे जागरूक राहावे. समोरच्याने हे मुद्दाम केले, असा आरोप पुराव्याविना करू नये. पुष्कळशा गुमानांपासून दूर राहण्याची आज्ञा अशाच प्रसंगांसाठी आहे.

हाच नियम उलट दिशेनेही लावावा. आपल्या हॉटेलात आलेल्या शाकाहारी हिंदू किंवा जैन बांधवाच्या ताटात चुकून मांसाहारी पदार्थ गेला, तर त्याच्या मनाला तेवढीच यातना होते जेवढी आपल्याला हराम वस्तूने झाली असती. त्याने विश्वासाने आपल्याकडे जेवण मागितले आहे. हा विश्वास ही अमानत आहे. अशा वेळी हसण्यावारी नेणे किंवा ‘काढून टाका, काही होत नाही’ म्हणणे हा त्या अमानतीचा भंग आहे. पळ्या, तवे आणि भांडी वेगळी ठेवणे, चूक झाल्यास मनापासून माफी मागणे, पैसे न घेणे ही आपली जबाबदारी आहे.

बिल कमी आले तर?

आता या लेखातील मुख्य गोष्टीकडे येऊ. सूरह अल-मुतफ्फिफीनच्या सुरुवातीलाच अल्लाहने अशा लोकांच्या विनाशाची घोषणा केली आहे, जे लोकांकडून घेताना माप पुरेपूर घेतात आणि लोकांना मोजून किंवा तोलून देताना कमी देतात. आपण ही सूरह दुकानदाराला ऐकवितो. परंतु तिच्यातील दोष वजनाच्या दगडात नाही, दोन वेगवेगळी मापे वापरण्यात आहे. असा दुटप्पी तराजू गिऱ्हाइकाच्या हातातही असू शकतो.

बिलात न खाल्लेल्या दोन रोट्या लावल्या असतील तर आपण लगेच बोट ठेवतो. खाल्लेल्या दोन रोट्या लावायच्या राहिल्या असतील तर? वीस रुपये जादा घेतले तर आपण माघारी येतो. गल्ल्यावरून पन्नास रुपये जादा परत आले तर? अर्धी प्लेट सांगितली असताना पूर्ण आली आणि दर अर्ध्याचा लागला, तर आपण तोंड उघडतो काय? आपल्या नुकसानीच्या चुकीला आपण ‘लबाडी’ म्हणतो आणि आपल्या फायद्याच्या चुकीला ‘नशीब’ म्हणतो. मुतफ्फिफीन म्हणतात ते यालाच.

मोबाइलवरून मागविलेल्या जेवणात हा प्रकार अधिक सोपा झाला आहे. एखादा पदार्थ आला नाही असे खोटेच कळवून पैसे परत मिळवायचे, चांगल्या अन्नाला खराब म्हणायचे, जुने छायाचित्र पाठवायचे, आणि याला हुशारी समजायचे. समोर माणूस दिसत नाही म्हणून तेथे कोणाचा हक्क नाही असे होत नाही. ते पैसे हॉटेलवाल्याच्या, कंपनीच्या किंवा पोहोचविणाऱ्या मुलाच्या खिशातून जातातच. असा पैसा हराम आहे आणि त्या पैशाचा घास मुलांच्या तोंडी जातो, हे आई-वडिलांनी ध्यानात ठेवावे. ज्याच्याकडून असे घडले असेल त्याने तौबेबरोबर ती रक्कमही परत पोहोचविली पाहिजे, कारण बंद्याचा हक्क केवळ इस्तिगफारने फिटत नाही.

प्रेषितांनी (स.) सहाबांना समजावून सांगितले होते, की त्यांच्या उम्मतीतील खरा दिवाळखोर कियामतच्या दिवशी नमाज, रोजे आणि जकात घेऊन येईल, परंतु त्याने कोणाला शिवी दिलेली असेल, कोणावर आळ घेतलेला असेल, कोणाचा माल खाल्लेला असेल. त्याची सत्कर्मे त्या लोकांना वाटली जातील, आणि ती संपली तर त्यांची पापे त्याच्यावर टाकली जातील. जेवणाच्या मेजावरील पाच मिनिटांत शिवी, आळ आणि दुसऱ्याचा माल या तिन्ही गोष्टी घडू शकतात. आयुष्यभराची नमाज एवढ्या स्वस्तात देऊन टाकायची काय, याचा विचार आपणच करावा.

क्षमा कोठे, तक्रार कोठे?

नुकसान केवळ आपले असेल तर क्षमा करणे श्रेष्ठ आहे. पदार्थ बदलला, पण चालण्यासारखा आहे. थोडा उशीर झाला. रायता आणायचा राहिला. सांगून टाकावे आणि सोडून द्यावे. राग गिळणाऱ्यांची आणि लोकांना माफ करणाऱ्यांची अल्लाहने सूरह आले-इम्रानमध्ये प्रशंसा केली आहे. शिवाय परत गेलेले ताट बहुधा कचऱ्यात जाते, आणि खाली पडलेला घासही स्वच्छ करून खाण्याची शिकवण देणाऱ्या प्रेषितांचे (स.) आपण अनुयायी आहोत.

परंतु नुकसान इतरांचेही होणार असेल तर गप्प बसणे हा सद्गुण नव्हे. शिळे मांस, घाणेरडे पाणी, जाणूनबुजून वाढविलेली बिले यांबाबत आपण क्षमा केली, तर उद्या दुसऱ्याच्या मुलाला त्याचा त्रास होईल. दीन म्हणजे हितचिंतन, या शिकवणीनुसार तेथे बोलणे कर्तव्य ठरते. आधी मालकाला एकांतात सांगावे. त्याने ऐकले नाही तर कायद्याचा मार्ग मोकळा आहे. अन्नाच्या स्वच्छतेविषयी राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सेवेतील त्रुटीबद्दल दाद मागता येते आणि राष्ट्रीय ग्राहक साहाय्यवाणीचा क्रमांक १९१५ आहे. बिलात आपोआप ‘सर्व्हिस चार्ज’ लावू नये, अशी मार्गदर्शक तत्त्वे केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये काढली आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये ती कायम ठेवली. ही रक्कम देणे ग्राहकाच्या खुशीवर आहे. ती नको असेल तर विनयाने काढायला सांगावे. मात्र ही सक्तीची रक्कम नाकारणे आणि वेटरला बक्षीस न देणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

इंटरनेटवर हॉटेलविषयी अभिप्राय लिहिण्याचीही रीत आहे. ही गीबत होते काय, असे तरुण विचारतात. सूरह अन्-निसाच्या १४८व्या आयतीत उघडपणे वाईट बोलण्याला अल्लाहने नापसंत केले आहे, तथापि ज्याच्यावर अन्याय झाला त्याला अपवाद ठेवले आहे. इमाम नववी (रह.) यांनी ‘रियाजुस्सालिहीन’मध्ये गीबत वैध ठरणारे सहा प्रसंग सांगितले आहेत. त्यांत अन्यायाची दाद मागणे आणि लोकांना हानीपासून सावध करणे यांचा समावेश आहे. म्हणून घडले तेवढेच, खरे आणि गरजेपुरते लिहावे. एका थंड रोटीवरून ‘हे हॉटेल म्हणजे लूट आहे’ असे लिहू नये. वेटरचे छायाचित्र किंवा नाव टाकू नये. मालकाच्या धर्मावरून किंवा जातीवरून काही लिहिणे तर सर्वथा वर्ज्य आहे. आणि तक्रारीचे निवारण झाले असेल, तर तेही त्याच ठिकाणी लिहावे.

गल्ल्याच्या पलीकडे बसलेल्या बांधवांसाठी

आपल्यापैकी अनेक कुटुंबांची उपजीविका हॉटेल, खानावळ आणि बिर्याणीच्या हातगाड्यांवर चालते. त्यांच्यासाठी तीन गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, प्रेषितांनी (स.) बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा आत ओल लागली. ओले धान्य वर का ठेवले नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसविणारा आपल्यातला नाही, असा इशारा दिला. कालची भाजी आज मसाला घालून विकणे ही तीच ओली रास आहे.

दुसरी, गिऱ्हाइकाने परत केलेला माल जो आनंदाने परत घेतो, त्याच्या चुका अल्लाह कियामतच्या दिवशी माफ करील, अशी हदीस आहे. ताट परत आले की तोंड वाकडे करण्यापूर्वी ही हदीस आठवावी.

तिसरी, पगारावर ठेवलेल्या नोकराच्या हातून निष्काळजीपणा किंवा आगळीक न होता नुकसान झाले, तर फुकहांच्या मते त्याच्यावर भरपाई येत नाही, कारण त्याच्या हाती माल ही अमानत असते. गर्दीत एक ताट चुकीच्या मेजावर गेले म्हणून त्याची मजुरी कापणे योग्य नाही. घाम सुकण्यापूर्वी मजुरी देण्याची आज्ञा ज्यांनी दिली, त्यांच्या उम्मतीतील मालकाने ती मजुरी क्षुल्लक कारणाने कापावी, हे त्याला शोभत नाही.

सारांश, प्रिय वाचकहो, पुढच्या वेळी कुटुंबासह हॉटेलात बसाल तेव्हा बिस्मिल्लाह म्हणून जेवण सुरू करण्याआधी एवढे मनाशी ठरवावे : मागणी स्पष्ट सांगेन. चूक झाली तर खाण्यापूर्वी आणि हळू आवाजात सांगेन. रुचीला ऐब म्हणणार नाही. दुर्बलावर राग काढणार नाही. आणि बिल हाती आले की दोन्ही बाजूंनी तपासेन, जादा लागले ते कमी करून घेईन आणि कमी लागले ते स्वतःहून सांगेन. घेण्याचा आणि देण्याचा तराजू एकच राहिला, तर हॉटेलातील ते मेजही आपल्या बाजूने साक्ष देईल.

अल्लाह आपणा सर्वांना हक्क मागताना सौम्यता, हक्क देताना तत्परता आणि हलाल रोजीची बरकत देवो. आमीन.